हाडांच्या वॉर्डातला कौल

महाडजवळ हायवेला लागून आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथे हाडांच्या वॉर्डात मी सिस्टर होते, शेवटी शेवटी इन्चार्ज. घाटात उलटलेले टेम्पो, आंब्यावरून पडलेली माणसं, मशिनीत सापडलेले हात, सगळं आमच्याकडे येतं. या नोकरीबद्दल लिहायचं म्हटलं की लोकांना वाटतं, ही आता रक्ताबद्दल लिहिणार. रक्त फार थोडा वेळ असतं. आमच्या वॉर्डात माणूस पहिल्या दिवशी ओरडतो, दुसऱ्या दिवशी कण्हतो आणि तिसऱ्या दिवसापासून पंख्याकडे बघत पडतो. हाड जुळायला आठवडे लागतात. तेवढे दिवस त्याला विचार करण्याशिवाय दुसरं काही काम नसतं, आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते.

माझे गुडघे झिजले तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. हाडांच्या सिस्टरचेच गुडघे जावेत, यावर डॉक्टर सोडून सगळे हसले. राउंड जमेना म्हणून मला खुर्ची दिली. त्याच सुमारास हॉस्पिटलला एक मोठं प्रमाणपत्र हवं होतं आणि तपासायला येणाऱ्यांच्या यादीत एक प्रश्न होता: रुग्णांच्या आध्यात्मिक गरजांची दखल घेतली जाते का? तोपर्यंत आमच्याकडे जेवण, ताप, लघवी आणि शौच यांची दखल घेतली जात होती.

आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. "सिस्टर, तुम्ही बसूनच असता. हे तुम्ही बघा."

"सर, मी बौद्ध. माझ्या घरात देव्हारासुद्धा नाही."

"उत्तम. म्हणजे तुम्ही कोणत्याच देवाची बाजू घेणार नाही."

अशी माझी नेमणूक झाली. दारावर पाटी लावायची ठरली, 'आध्यात्मिक साहाय्य कक्ष'. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून त्याने 'आध्यात्मिक सहा.' असं लिहून पुढे टिंब दिलं. पहिला महिनाभर नातेवाईक विचारत, "एक ते पाच कुठे आहेत?"

मला एक फॉर्म दिला होता. त्यात तीन प्रश्न. आपली श्रद्धा कशावर आहे? आपल्याला बळ कशातून मिळतं? आध्यात्मिक अडचण असल्यास थोडक्यात लिहा. थोडक्यात म्हणजे एक ओळ. पहिल्याच रुग्णाने बळाच्या रकान्यात 'तांदळाची भाकरी' लिहायला सांगितलं. घोटा मोडलेल्या एका गुरुजींची श्रद्धा बदली रद्द होण्यावर होती. एकाने तर हळूच सांगितलं, "बायको चहा आणायला जाऊ दे, मग बोलतो."

सव गावच्या एक आजी होत्या, मनगट मोडलेल्या. त्यांचं म्हणणं, गावच्या गरम कुंडाच्या पाण्यात हात बुडवला की बरा होईल. प्लास्टर भिजवता येत नाही हे त्यांना पटलं, पण निदान प्लास्टर काढताना ते पाणी हवं होतं. मुलाने कॅन भरून आणला. तो वॉर्डात येईस्तोवर पाणी गार. आम्ही ते गॅसवर तापवायला निघालो तर आजींनी थांबवलं. "गॅसनं तापवला तर ते सिलिंडरचा पानी झाला. देवाचा कुठं राहिला?" मी फिजिओथेरपीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आखडलेल्या मनगटाला कोमट पाण्यात व्यायाम मी देतेच," आणि त्यांनी केसपेपरवर सरळ लिहून टाकलं, 'सव, कुंड, रोज वीस मिनिटं.' आजींनी गावभर सांगितलं की डॉक्टरणीला दृष्टांत झाला.

तेव्हा मला या कामाची रीत थोडी कळली. उपदेश करायचा नाही. माणसाच्या डोक्यात जे अडकलंय ते ऐकायचं आणि त्याच्या औषधाच्या आड येत नसेल तर त्याला वाट करून द्यायची. आड येत असेल तर मात्र बसून बोलायचं, आणि पुन्हा बसायचं. बसण्याच्या बाबतीत माझे गुडघे मला साथ देत होते.

हे सगळं मला येतंय असं वाटायला लागलं होतं, तेव्हा बाळाराम आला.

बाळाराम पोलादपूरच्या डोंगरातला, उमरठच्या पलीकडच्या एका वाडीतला. वय पन्नाशीच्या आसपास, घरची भातशेती, अंगाने काटक. शिमग्यात गावच्या भैरीची, म्हणजे ग्रामदेवाची पालखी नाचवताना देवळाच्या पायऱ्यांवर ती खाली आली आणि तिचा दांडा त्याच्या मांडीवर पडला. पालखी म्हणजे सागवानी लाकूड, त्यात चांदीचे मुखवटे. मांडीचं हाड मधोमध तुटलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत रॉड घातला. ऑपरेशन झकास झालं.

रॉड घातल्यावर माणसाला लगेच उभं करावं लागतं, हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. पडून राहिला तर छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते, गुडघा आखडतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन पाय टेकवायला लावतात. दुखतं, पण टेकवतात.

बाळाराम पाय टेकवेना.

"देवानं पाडलाय मला," तो म्हणाला. "देव ऊठ बोलला तर उठीन."

फिजिओच्या मॅडमनी गोड बोलून पाहिलं. डॉक्टरांनी रागावून पाहिलं. त्याच्या बायकोने, सुमनने, रडून पाहिलं. तो पंख्याकडे बघत पडून. चौथ्या दिवशी त्याला ताप आला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर माझ्या खोलीत आले. ते माझ्या खोलीत कधी येत नसत.

"सिस्टर, पुढच्या तीन-चार दिवसांत हा उठला नाही तर मी घातलेल्या रॉडचा काही उपयोग नाही. तुमचा विभाग काय करतो ते बघू दे."

मी बाळारामला विचारलं, देव ऊठ म्हणतो म्हणजे नक्की कसं म्हणतो? त्याने समजावून सांगितलं. देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. मात्र ज्याचा प्रश्न, तो समोर पाहिजे.

"मग देवाला इथे आणता येईल?"

"भैरी गावची शीव ओलांडत नाय."

"आणि तुम्ही बेडवरून उतरत नाही."

"नाय," बाळाराम म्हणाला.

दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम होते. शेवटी तोडगा सुमननेच काढला. वाडीतली माणसं मुंबईला असलेल्या पोरांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, लग्नंसुद्धा बघतात. मग देवाने काय घोडं मारलंय? गुरवाला फोन लावला. त्याने दिवसभर विचार केला, गावातल्या जाणत्यांना विचारलं, आणि निरोप आला की चालेल, पण आंघोळ करून बसा.

अंथरुणावरच बाळारामला पुसून काढलं, नवा गाउन घातला. सकाळी दहाला कॉल लागला. देवळात रेंज फक्त उंबऱ्यापाशी येते, म्हणून गुरवाची सून उंबऱ्यात उभी राहून हात लांब करून फोन धरणार होती आणि इकडे वॉर्डात तो मी धरणार होते. नेमका डॉक्टरांचा राउंड आला. ते पायथ्याशी फाइल घेऊन थांबले. शेजारच्या पाच बेडवरची माणसं कोपरांवर उठून बसली.

गाभाऱ्यातून गुरवाचा आवाज आला. "तिकडं फोन कोन धरलाय?"

"मी सिस्टर."

"कोनच्या?"

मी नाव सांगितलं, महाडची, बौद्धवाडीतली, तेही सांगितलं. माझी आजी त्याच खोऱ्यातली. तशा देवळांसमोरून जाताना तिला वाट सोडून खालच्या बांधावरून जावं लागे, आत काय आहे ते तिने जन्मात पाहिलं नाही. मी फोन खाली ठेवण्याच्या तयारीत होते.

"मग जरा वर धरा बाई," गुरव म्हणाला. "देवाला बाळाराम दिसत नाय."

मी वर धरला. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. बहुतेक हसली असती.

गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. हा घाटग्यांचा बाळाराम, तुझाच लेकरू, यानं पाय टेकावा काय, टेकावा तर उजवा दे. असं काहीसं. आम्ही सगळे त्या काळ्या पाषाणाकडे बघत होतो. डॉक्टरसुद्धा. आणि चित्र थिजलं. गुरवाचा हात हवेत, तोंड उघडं, आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो किती वेळ फिरला सांगता येत नाही. चित्र हललं तेव्हा एक कळी खाली पडलेली होती.

"उजवा दिलान," गुरव म्हणाला. "ऊठ बाळाराम."

सगळ्यांनी श्वास सोडला. फिजिओच्या मॅडम वॉकर घेऊन पुढे झाल्या.

"उजवा नाय," बाळाराम म्हणाला. "डावा व्हता. मी बघितला."

आता वॉर्ड पेटला. कोणी म्हणालं, आपल्याला डावीकडे दिसलं म्हणजे देवाचा उजवा. दुसरा म्हणाला, गुरव देवाच्या समोर उभा, मग गुरवाचा उजवा म्हणजे देवाचा डावा. तिसऱ्याने सांगितलं, मोबाइलमध्ये आरशासारखं उलटं दिसतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या कॅमेऱ्यात दिसतं, मागच्यात नाही. एवढं बोलून ते गप्प झाले, कारण आपण या चर्चेत आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

बाळारामच्या शेजारच्या बेडवर दिनकर नावाचा कामगार होता. बिरवाडीत खोली घेऊन राहणारा, चाळिशीचा, मूळचा परभणीकडचा. त्याची चार बोटं मशिनीत गेली होती, आणि वॉर्डात सगळ्यांत जास्त हसवायचा तोच. तो म्हणाला, "भांडता कशाला, तपासून घ्या." त्याने फोनसमोर आपला हात वर केला आणि गुरवाच्या सुनेला विचारलं, "ताई, माझा कोणता हात दिसतोय?"

"बँडेजचा," ती म्हणाली.

"तो उजवा," दिनकर म्हणाला आणि स्वतःच हसला. बाकी कोणी हसलं नाही. त्याच्या फॉर्मवरची उत्तरं मी इथे सांगितलेली नाहीत, कारण मी त्याला फॉर्म दिलाच नव्हता. इतका हसरा माणूस, याला कशाला, असं मला वाटलं होतं. ते राहून गेलं, आणि नंतर तो दुसऱ्या हॉस्पिटलला गेला.

फोन कट झाला. बाळाराम भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी खोलीत येऊन बसले आणि विचार करू लागले. गुरव पाषाणापासून हातभर अंतरावर होता. त्याला कळी कुठली पडली ते दिसणारच. तो उजवा म्हणतोय. गाव म्हणतंय ऊठ, देव म्हणतोय ऊठ, डॉक्टर म्हणतायत ऊठ. मग हा एकटा माणूस नकारासाठी एवढा का भांडतोय? होकार मिळालेला माणूस आनंदाने रडतो, हा चिडला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. काही विचारलं नाही. सुमन डबा धुवायला गेली होती. बऱ्याच वेळाने तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "बाई, देवाला फसवला तर देव खोटा कौल देतो काय?"

"मला देवाचं माहीत नाही. तुम्ही फसवलं का?"

मग त्याने सांगितलं. पालखीच्या दांड्याला पुढे एक आणि मागे एक माणूस असतो. पुढचा मान मोठा. बाळाराम आणि त्याचा चुलतभाऊ कोंडीराम, दोघांचे बाप त्या मानावरून भांडले होते आणि बापांनंतर हे दोघे भांडत होते. दारं समोरासमोर, पण नऊ वर्षं बोलणं नाही. त्या वर्षी गावाने पुढचा मान कोंडीरामला दिला. बाळाराम मागे. पायऱ्या उतरताना बाळारामच्या मनात आलं की पापणी लवेपर्यंत दांडा सैल सोडावा. सगळं वजन पुढच्यावर जाईल, कोंडीराम सगळ्या गावासमोर गुडघ्यावर येईल.

"आनि मी सोडली," तो म्हणाला. "घसरलो नाय मी. देव खाली पडला, तो माझ्यामुळं. सगळी बोलतात बाळारामनं मोडक्या पायानं पन पालखी सोडली नाय. सुमन पन तेच बोलते. देवाला ठाव हाय, आनि आता तुम्हाला."

"म्हणून उठत नाही?"

"उठून कुठं जाऊ? वाडीत?"

मला त्याला माफ करता येत नव्हतं, तो माझा अधिकार नाही. आमच्या धम्मात अशी सोयही नाही. मी एवढंच म्हटलं की नऊ वर्षांचा राग होता, तो एका पायरीवर निसटला. तो भिंतीकडून वळून माझ्याकडे बघायला लागला. मी फॉर्म काढला. आध्यात्मिक अडचण, थोडक्यात. मी लिहिलं, 'झोप लागत नाही.' पुढे तपासणीवाले आले तेव्हा त्यांनी माझ्या फाइलींचं अक्षर चांगलं आहे असा शेरा दिला आणि प्रमाणपत्रही दिलं.

दुसऱ्या दिवशी गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, "बाई, समोरच्या टपरीवर एक मानूस रोज येऊन बसतो. तुमच्या पालखीवाल्या पेशंटचा काय झाला इचारतो. वर जा म्हटला तर जात नाय."

मी लंगडत रस्ता ओलांडला. बाकावर बाळारामच्याच चेहऱ्याचा, जरा जाड माणूस बसला होता. उजवा हात सदऱ्यात खुपसलेला, डाव्या हातात चहाचा ग्लास, नजर हॉस्पिटलच्या दारावर.

"तुम्ही कोंडीराम."

"तो उठला का?"

"नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "वाडी बोलते, देवानं उजवा दिलान तरी उठत नाय."

"तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं?"

मी कामातला ठरलेला प्रश्न विचारला होता. टपरीवाल्याने मला न विचारता चहा दिला. मग कोंडीराम म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त सिस्टर हाव ना? गावात नाय ना सांगनार?"

"नाही."

"त्या पायऱ्येवर मी खांदा काढला. पुढचा मान मला भेटला, तेच्या पोटात दुखत व्हता. म्हटला, दांडा मागं सरकंल, ह्याचा तोल जाईल, लोक बोलतील बाळारामला पालखी पेलत नाय. एवढाच. मला काय म्हाईत, अख्खी पालखीच खाली येल."

मी चहाचा घोट तसाच तोंडात धरला. एकाने मागून सोडली, एकाने पुढून सोडली, त्याच पायरीवर, त्याच क्षणी. देवाला धरायला कोणी उरलंच नाही. आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त मला माहीत होती, आणि मला ती कोणालाच सांगता येत नव्हती. माझ्या फॉर्ममध्ये याच्यासाठी रकाना नव्हता.

"वर चला," मी म्हटलं. "मला जे सांगितलंत ते त्याला सांगा."

"तो जीव घेईल माझा."

"त्याला उठता येत नाही."

हे त्याला पटलं. तो माझ्यामागून आला.

वॉर्डात सुमनने त्याला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बाळाराम उशीला टेकून बसला होता. कोंडीराम बेडपासून चार हातांवर थांबला आणि शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावं तसं एका दमात म्हणाला, "बाळ्या, पालखी मी सोडली."

बाळारामने त्याच्याकडे बघितलं. "काय बोललास?"

"पायऱ्येवर. खांदा काढला मी. तुझा तोल जावा म्हनून."

मला वाटलं, आता हा रडेल किंवा शिव्या देईल. बाळारामचा चेहरा लाल झाला.

"गप बस. पालखी मी सोडली."

"तू कशी सोडशील? मी सोडली."

"मागनं मी सोडली. आधी. तू पुढं व्हतास, तुला काय दिसनार?"

"दिसायची काय गरज? तू आधी सोडली असती तर वजन माझ्यावर आला असता. आलाच नाय. म्हंजी मी आधी सोडली."

"वजन आला नाय, कारन तू घाबरून वाकला व्हतास."

"घाबरतो कोन? नऊ वर्सं वाट बघत व्हतो मी सोडायची."

"मी अकरा," बाळाराम म्हणाला.

सुमन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. शेजारचे पाच बेड पुन्हा कोपरांवर उठले होते. दिनकर सगळ्यांत शहाणपणाचं बोलला. "दोघांनी एकदम सोडली असंल तर?"

"तू गप रे," दोघे एकदम म्हणाले.

पुढच्या मानासाठी दोन पिढ्या भांडलेली माणसं आता अपराधाच्या मानासाठी भांडत होती, आणि कोणी मागे सरायला तयार नव्हतं. मला त्यांना थांबवायला हवं होतं. मी तोंडही उघडलं. तेवढ्यात बाळाराम म्हणाला, "तुला अक्कल नाय. दांडा कसा व्हता ते बघ. मी हितं, तू तितं. पायरी ही." आणि पांघरूण बाजूला करून तो उभा राहिला.

दोन्ही पायांवर. दात खात, बेडचा कठडा धरून, पण उभा. दाराशी फिजिओच्या मॅडम आल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. मी कोणालाही काही बोलू दिलं नाही. बाळारामने कठडा सोडला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, पालखी दाखवायला एक हात हवेत धरला, आणि दुसऱ्या हाताने कोंडीरामचा उजवा खांदा गच्च पकडला. "तुझा खांदा हा असा व्हता, आनि तू बोलतोस—"

कोंडीरामच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तीस वर्षं ऐकत आले आहे. तो पांढराफटक पडला आणि मटकन बाळारामच्या बेडवर बसला.

एक्स-रेत दिसलं, गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड तुटलेलं. पालखी पडली तेव्हाच दांडा निसटताना लागला असणार. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. "बाळ्या मोडलेल्या पायानं पडलाय, आनि मी कुठल्या तोंडानं दवा घेऊ," असं तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि मला विचारलं, "सिस्टर, हा माणूस आपल्या गेटसमोर किती दिवस बसत होता?"

"सहा, सर."

मला जे समजायचं ते समजलं. हात सदऱ्यात खुपसून, डाव्या हाताने चहा पिणारा माणूस माझ्या समोर बसला होता. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळलं असतं. मी मात्र त्याच्या मनात काय चाललंय ते बघत होते. या नोकरीबद्दल कोणी मला विचारलं की मी हे आधी सांगते. आधी हाड बघा.

बाळाराम त्या दिवशी धापा टाकत बेडवर परतला, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की आपण चाललो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलायच्या आत फिजिओच्या मॅडमनी वॉकर त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवसापासून तो पॅसेजमध्ये फेऱ्या मारू लागला. कोंडीराम, हात गळ्यात झोळीत अडकवलेला, रोज येऊन त्याच्यासोबत चालायचा. पहिली कोणी सोडली यावर त्यांचं अजून एकमत नव्हतं, पण नऊ वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, त्यामुळे विषयांची कमी नव्हती.

दोघे मिळून गावाला खरं सांगणार होते. सांगितलंही. गुरवाने मला फोनवर कळवलं की गाव आधी चिडलं, मग देवाची शांती केली, मग गाव हसायला लागलं, आणि अजून हसतंय.

डिस्चार्जच्या सकाळी जीप आली होती. मागच्या सीटवर एका कडेला बाळाराम, मोडलेला पाय लांब करून. दुसऱ्या कडेला कोंडीराम, झोळी सांभाळत. मधे सुमन, दोन्ही बाजूंनी कोणाचं काही दुखू नये म्हणून अंग चोरून बसलेली. ड्रायव्हरने गाडी चालू केली. तेव्हा ती सहज, समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या शिमग्याला पुढं कोन राहनार?"

दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.